स्टोव्हला पिन मारायची कुणी?

भाकरी थापता थापता रेडिओ ऐकत असाल तर आधी जाळ बारीक करा, मग ऐका. आजचं बोलणं जाळाबद्दलच आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत कर्जाचा अर्ज आला. दोन हजार रुपये, कारण लिहिलं होतं 'गॅसची नवी शेगडी'. अर्ज देणाऱ्या ताई दिवाळीनंतर ऊसतोडीला गेल्या होत्या आणि नुकत्याच परत आल्या होत्या. पाच महिने घर बंद. आल्यावर शेगडी पेटवली तर जाळ पिवळाधमक, भांड्यांची बुडं काळी, मधूनच खालून 'फट्' असा आवाज. दुरुस्तीवाल्यानं लांबूनच बघितलं आणि सांगितलं, ही गेली, नवीन घ्या.

बैठक उरकल्यावर आम्ही चौघी त्यांच्या घरी गेलो. सिलिंडरवरचा रेग्युलेटर काढला, टोपण लावलं, शेगडी उलटी करून उन्हात धरली. बर्नरच्या खाली जी नळी असते, जिच्या तोंडातून गॅस हवेत मिसळून आत जातो, ती मातीनं बुजलेली. कुंभारीण माशीनं आत घर केलं होतं! भिंतीवर, कडीकोयंड्यात घरं करते तीच ही माशी. काडीनं माती कोरून काढली, बर्नर धुऊन वाळवला, परत बसवला. जाळ निळा आला. अर्ज तिथंच फाडला.

येताना वाटेत आम्ही आपसात बोलत होतो की ही गोष्ट आपल्या आज्यांच्या वेळी झाली असती का? चूल बिघडली म्हणून कुणी नवी चूल विकत आणली होती का? स्वयंपाकघराचा इतिहास सांगणारे लोक कुठला शोध कुणी लावला तेवढं सांगतात. आज आम्ही बिघाडांचा इतिहास सांगणार आहोत, कारण बिघाड शेवटी स्वयंपाक करणारीच्याच वाट्याला येतो.

चुलीपासून सुरुवात करू. चूल बाईच घालायची. वारुळाची नाहीतर गावाबाहेरची चिकणमाती, शेण, बारीक काड, सगळं मळून चार दिवस मुरवायचं, मग चुलीचे थर चढवायचे. शेजारी वैल ठेवायचा, म्हणजे उरल्या आचेवर कालवण शिजतं. रोज पोतेरं, तडा गेला तर मातीचा हात. बिघाडही तिला तोंडपाठ. धूर घरात कोंडतोय? राख साठलीय, खालून हवा जात नाही. जाळ तोंडातून बाहेर येतोय? लाकडं फार कोंबलीत. तुरकाट्या भडभड जळतात, शेणी मंद जळते, ओली बाभळ नुसती धुपते. शाळेत न गेलेल्या बाईला एक गोष्ट पक्की कळलेली होती, ती म्हणजे जाळाला सरपणाइतकीच हवाही लागते. फुंकणी त्यासाठीच. एवढं लक्षात ठेवा, पुढं स्टोव्हलाही हेच लागणार आहे आणि गॅसलाही.

पण चुलीचा एक बिघाड तिला कधी काढता आला नाही, तो म्हणजे खुद्द धूर. त्यावर इलाज शोधायला मात्र बाहेरचे लोक आले. त्यांची नियत चांगली होती, हे आम्ही मानतो. गांधीजींच्या ग्रामोद्योग संघानं वर्ध्याच्या मगनवाडीत काम केलं, तिथली 'मगन चूल' स्वातंत्र्याच्या सुमारास पुढं आली. हैदराबादच्या संशोधन संस्थेत एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल तयार केली आणि १९५३ साली तिच्यावर पुस्तक काढलं. मग १९८३ च्या सुमारास सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. तो २००२ पर्यंत चालला आणि देशभर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या गेल्या. तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या सासरी ती सिमेंटच्या पाइपाची चूल असेल. नसेल तर तिचा पाइप तरी कोंबड्यांच्या खुराड्याजवळ पडलेला दिसेल.

का पडला तो? आमच्या गटातल्या ऐंशीच्या घरातल्या आजींना आम्ही विचारलं. त्या म्हणाल्या, "पैलं वरीस ब्येस चालली. मग पाइपात काजळी धरली. वर चढून साफ करायचं कुणी? गडीमाणूस चढंना, आन् बाईनं माळवदावर चढलेलं सासऱ्याला चालंना." चुलीचं तोंड लहान केलेलं, त्यामुळं लाकडं बारीक फोडावी लागत, ते कामही तिच्याच डोक्यावर. पाइप तुंबला की धूर माघारी घरात. मग एक दिवस तिनं पाइप उपटला आणि जुन्या पद्धतीची चूल घातली. कागदावर नोंद झाली असेल की लाभार्थी महिलेनं वापर सोडला. काजळी साफ करायला उंच काठीचा ब्रश किती जणींना दिला होता, हा रकाना आम्हाला कुठल्या वहीत दिसला नाही.

आता स्टोव्ह. १८९२ साली स्वीडनमध्ये, स्टॉकहोम शहरात, फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नावाच्या कारागिरानं काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह बनवला. त्याचं नाव प्रायमस. आपल्याकडं तो आला तो मुंबईमार्गे. खेड्यात रॉकेल आधी पोचलं ते कंदिलासाठी, आपल्या कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी होता. स्टोव्ह मात्र बराच काळ शहराची वस्तू राहिला. सातारा, रत्नागिरीकडची माणसं गिरणीत कामाला गेली, चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत चूल घालायची कुठं? तिथं स्टोव्ह. लालबाग-परळच्या खाणावळवाल्या बाया गिरणी कामगारांना डबे द्यायच्या. त्यांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्या बचत गटांच्या त्या थोरल्या बहिणीच म्हणायच्या. त्यांच्या घरात सकाळी जाळ बिघडला तर डबे चुकणार आणि महिन्याचे पैसे कापले जाणार. दुरुस्तीवाल्याची वाट बघायला त्यांना सवड नव्हती.

पितळी स्टोव्ह चालायचा कसा, हे ज्या लहान मुलींनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली टाकी, तिच्यात रॉकेल. पंप मारला की आत हवेचा दाब तयार होतो आणि रॉकेल नळीनं वर चढतं. वरचा बर्नर आधी काकड्यानं तापवलेला असला की रॉकेलाची तिथंच वाफ होते. ती वाफ सुईच्या टोकाएवढ्या भोकातून जोरात निघते, वाटेत हवा ओढून घेते आणि निळी, भर्र आवाज करत जळते. यात बिघाड ठरलेले होते. भोकात कचरा अडकला की जाळ एका अंगाला जातो. पत्र्याच्या पट्टीला लावलेली बारीक तार असायची, ती पिन मारायची. पंप ढिला पडला तर चामड्याचा वायसर सुकलाय, दोन थेंब तेल सोडायचं. आणि घाईत बर्नर पुरता तापला नसला तर वाफेऐवजी कच्चं रॉकेलच वर येतं आणि पिवळा भडका उठतो. मग टाकीची चावी सैल करायची, हवा सोडायची. दाब गेला की जाळ बसतो.

पुढं वातीचे स्टोव्ह आले, १९७० च्या दशकात इंडियन ऑइलचा 'नूतन' आला. त्यात पंप नाही, दाब नाही. वाती वरखाली झाल्या की काजळी धरायची, कात्रीनं सारख्या कापल्या की झालं. एकच पथ्य, पेटलेल्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतायचं नाही.

मैत्रिणींनो, आता जे सांगायचं आहे ते जड आहे. जवळ लहान मुलं असतील तर त्यांना बाहेर खेळायला पाठवा.

'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू.' आमच्या पिढीनं ही ओळ लहानपणी वर्तमानपत्रात इतक्या वेळा वाचली की ती पावसाच्या बातमीसारखी वाटायची. स्टोव्हचे अपघात खरे होते, नाकारायचं कारण नाही. रॉकेलात पेट्रोलची भेसळ व्हायची, नायलॉनची साडी पेटली की वितळून अंगाला चिकटायची, पदर सुटायचा. पण त्यातले सगळे अपघात नव्हते. जिच्या माहेरून हुंडा पुरा झाला नाही, तिच्याच स्टोव्हचा भडका कसा होतो? सासू त्याच स्टोव्हवर वीस वर्षं चहा करते, तिला काही होत नाही. नव्या सुनेलाच कसं होतं? हा प्रश्न आधी बायकांनी विचारला. १९७९ साली दिल्लीत बायका रस्त्यावर उतरल्या आणि सासरच्या घरांसमोर उभं राहून म्हणाल्या की हा अपघात नाही, हा खून आहे.

इथं आम्हाला आमच्या विषयाकडं यायचं आहे. रोज पिन मारणाऱ्या बाईला ठाऊक होतं की स्टोव्ह भडकतो कसा. भडका बर्नरपासून उठतो. पुढून येतो, हाताला, पदराला, छातीला लागतो. टाकीत कमी रॉकेल असताना बाईचं अख्खं अंग, पाठ, केसांची मुळं रॉकेलानं भिजलेली कशी? टाकी शाबूत, पंप शाबूत, स्टोव्ह फळीवर जागच्या जागी पुसून ठेवलेला, तर भडका उडाला कुठं? पंचनाम्याला आलेला जमादार स्वयंपाक करत नव्हता. त्याला हे प्रश्न सुचले नाहीत, किंवा सुचून त्यानं विचारले नाहीत. आळीतल्या बायांना सुचले होते, पण त्यांना पंचनाम्याला बोलावलं कुणी? आणि दवाखान्यात भाजलेल्या कितीतरी जणींनी स्वतःच 'स्टोव्ह भडकला' असं सांगितलं. नवरा खाटेशी उभा, मूल घरी सासूजवळ. ती दुसरं काय सांगणार होती?

या सगळ्या झगड्यातून कायदा बदलला. हुंडाबंदी १९६१ पासून होतीच, पण १९८३ साली सासरच्या छळाचं कलम, ४९८ अ, आलं. त्याच वर्षी असंही ठरलं की लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईचा असा मृत्यू झाला तर नीट चौकशी आणि शवतपासणी व्हावी. १९८६ साली हुंडाबळीचं कलम, ३०४ ब, आलं. त्यात किमान सात वर्षांची शिक्षा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हुंडाबळीचं कलम ८० आहे आणि छळाचं ८५. आकडे बदलले, गुन्हा तोच. आता घराघरातला स्टोव्ह गेला, तर बातमीत 'गॅसचा भडका' येऊ लागलाय. म्हणून गॅस कसा चालतो आणि कसा बिघडतो, हे आपल्याला कळायलाच हवं. नवी शेगडी वाचवण्यापुरतं ते काम नाही.

गॅस आपल्याकडं आला १९५५ साली, मुंबईत. बर्मा शेल कंपनीनं आणला. १९६५ साली कलकत्त्यात इंडेनची पहिली जोडणी झाली. त्यानंतर किती तरी वर्षं गॅस म्हणजे नोकरदाराच्या घरची वस्तू. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, खासदाराच्या कोट्यातलं कूपन मिळालं तर नशीब. आमच्या भागात त्या काळी कुणाकडं गॅस आला की बाया बघायला जायच्या. मधल्या काळात काही घरांत गोबरगॅस आला. त्याचाही बिघाड आम्ही बघितला आहे. नळीत पाणी साठलं की जाळ नाचतो, थंडीत गॅस कमी होतो. आणि सिलिंडरच्या गॅसची शेगडी त्याला जशीच्या तशी चालत नाही, त्याचं भोक मोठं लागतं. मग १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलिया इथं उज्ज्वला योजना सुरू झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटीवी जोडणी दिली गेली ती आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादला, बचत गटांच्या बायांच्या मेळाव्यात. आपल्यातल्या काही जणी तिथं बसने गेल्या होत्या.

सिलिंडर दारात आला, शेगडी आली. शिकवणं मात्र जोडणीच्या दिवशी दहा मिनिटांत उरकलं, तेही बहुतेक ठिकाणी घरातल्या पुरुषाला. तिनं काय केलं? शेगडी चुलीशेजारी जमिनीवर मांडली, कारण ती जन्मभर बसून स्वयंपाक करत आली होती. आणि इथंच घात आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो आणि खोलगट जागी साठतो. शेजारी चुलीत निखारा असला तर विचारूच नका. म्हणून शेगडी ओट्यावर, सिलिंडरपेक्षा उंच, आणि सिलिंडर खाली, उभा. ओटा बांधला नसेल तर भक्कम लाकडी टेबल चालतं. उभं राहून भाकरी थापायला सुरुवातीला अवघड जातं, आम्हालाही गेलं.

मुळात या गॅसला वासच नसतो. आपल्याला जो कुजक्या कोबीसारखा वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो, मर्कॅप्टन नावाचा पदार्थ आहे. त्यामागं एक दुःखाची गोष्ट आहे. १८ मार्च १९३७ ला अमेरिकेत, टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत तळघरात बिनवासाचा गॅस साठला आणि स्फोट झाला. तीनशेच्या आसपास जीव गेले, त्यात बहुतेक लेकरं. त्यानंतर गॅसला वास घालायचे नियम कडक झाले. तेव्हा वास आला की 'येतो कधी कधी' म्हणून सोडू नका. दिव्याचं बटण दाबू नका, पंखा लावू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि एक-नऊ-शून्य-सहा या नंबरला फोन करा. गळती कुठं आहे ते बघायला काडी ओढायची नाही. साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले तर गळती.

आणि पिवळा जाळ? जर्मनीत बुन्सेन नावाच्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत १८५५ साली असा बर्नर तयार झाला की त्यात गॅस जळायच्या आधीच हवा मिसळायची. तेव्हा कुठं गॅसचा जाळ निळा आणि बिनकाजळीचा झाला. आपली शेगडी त्याच रीतीनं चालते. म्हणजे पिवळा जाळ दिसला की आजीनं फुंकणी हातात घेतली तसं आपण समजायचं, हवा अडलीय. बहुतेक वेळा दूध उतू गेलेलं असतं, वरणाचा फेस भोकांत वाळलेला असतो. शेगडी थंड झाल्यावर बर्नर काढा, गरम पाण्यात चिंच किंवा खायचा सोडा घालून भिजवा, भोकं टाचणीनं मोकळी करा आणि पुरता वाळवूनच बसवा. ओला बर्नर फडफडतो. बर्नर वाकडा बसला तरी जाळ एका बाजूला जातो. नळीत माशीचं घर आहे का ते बघा, विशेषतः तुम्ही ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीला जाऊन आला असाल तर. पुढच्या वेळी जाताना बर्नर काढून पिशवीत ठेवा आणि नळीच्या तोंडाला फडकं बांधा. मात्र आतलं जेट, ते पितळी बारीक भोक, सुईनं कोरू नका. स्टोव्हच्या पिनेची सवय इथं चालत नाही. भोक मोठं झालं की जाळ आवरत नाही. कॉक घट्ट झाला तर त्याला गोडं तेल सोडू नका. ही दोन कामं मेकॅनिकची, आणि तो ती करताना समोर उभ्या राहा.

रबरी नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की बदलायची. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आकडे वर्षाचे. ती मुदत सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची असते. उलटून गेलेला सिलिंडर आला तर घेऊ नका, बदलून मागा. दारात गाडीवाला घाई करतो, करू द्या. टोपण काढून तोंडातली रबरी चकती आहे का तेही बघा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या नळीवरची तारीख आणि सिलिंडरवरचं अक्षर कागदावर लिहून आणा. अक्षर ओळखता येत नसेल तर नातीला सोबत घेऊन बघा. आम्ही गटाच्या वहीत त्यासाठी एक पान आखून ठेवलं आहे. ज्या ताईंचा अर्ज आपण फाडला, त्यांचं नाव त्यात पहिलं आहे. त्यांनी या वर्षी कर्ज घेतलं, पण शेळीसाठी.